एकाचीच फेरतपासणी

कारखान्यात त्याला सगळे ‘वरचेसाहेब’ म्हणायचे. साहेब कसला, क्रेनवाला! पण छताखालच्या केबिनमध्ये बसून टनावारी लोखंड इतकं अलगद उतरवायचा की खालच्याच्या कपातला चहा हलू नये. अंगाने काटक, जन्मात दवाखान्याची पायरी चढला नव्हता. मग रक्त तपासून घ्यायची अवदसा आठवली कशी? मेव्हण्यामुळे.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. या क्रेनवाल्यानेच मेव्हण्याला नोकरीला चिकटवलं, खाली उभं राहून क्रेनला इशारे कसे द्यायचे तेही शिकवलं. पुढे मेव्हणा कामगारांच्या आरोग्य समितीवर गेला आणि एक दिवस बातमी घेऊन आला. धडधाकट माणसांचंही रक्त तपासायचं, म्हणजे कोणाच्या हृदयाला धोका आहे ते आधीच कळतं म्हणे.

“भाऊजी, सगळ्यांचं रक्त तपासलं तरी वरून एक माणूस कोसळण्यापेक्षा स्वस्त पडतं,” मेव्हणा म्हणाला. “तुम्ही आधी या, म्हणजे बाकीचे लाजेकाजेस्तव येतील.”

हा गेला आणि नेमका याचाच आकडा वाढलेला निघाला. आठवड्याभरात त्याला क्रेनवरून उतरवून फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. मोठ्या दवाखान्यात फेरतपासणी करा म्हणून तो समितीपुढे गेला, तर मेव्हणाच खाली बघत म्हणाला, “ती महाग पडते, भाऊजी. कंपनीला परवडत नाही.” बाहेरून स्वतः करून आणलेली कंपनीचे साहेब मानत नव्हते. मानतील कशाला? माणूस खाली उतरवायला फुकट पडतो.

घरी बायकोने मीठ तोडलं. बादली उचलू देईना. जरा डोळे मिटून पडला की नाकाशी बोट धरून बघायची. चांगल्या माणसाचा पार विचका झाला. तरी मेव्हण्यावर त्याचा राग नव्हता. “त्यानेच जीव वाचवला माझा,” असं बायकोला सांगायचा. भाबडेपणालाही काही सुमार असतो हो!

मग एकदा रक्त काढून नेणारी नर्स काट्यापाशी थांबली. त्याचा उतरलेला चेहरा बघून म्हणाली, “एवढं मनाला लावून घेऊ नका. पहिल्या चाचणीत चांगल्याचाही आकडा वाढतो कधीकधी. तुमच्या मेव्हण्यांचा नव्हता का वाढला? फेरतपासणीत ठणठणीत निघाले.”

ट्रक भोंगे वाजवत राहिले. हा काटा सोडून तडक शेडमध्ये गेला.

“तुझी फेरतपासणी झाली?”

मेव्हण्याने आधी इशारा करून क्रेन थांबवली. मग म्हणाला, “एकाचीच मंजूर झाली होती, भाऊजी. माझी पोरं लहान आहेत.”

“मग सांगायचंस ना, गाढवा. मीच म्हणालो असतो, तू जा.”

“ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. नोकरी तुम्ही लावलीत. आणखी एक उपकार कुठे ठेवू?”

परक्याने केलं असतं तर कॉलर धरली असती. हा आपला, हाताला धरून आणलेला. संतापाच्या भरात तो भर उन्हातून तरातरा चालत घरी निघून आला.

बायको दारातच दचकली. “घाम का आलाय? छातीत दुखतंय का?”

तिच्या भावाचं तिला कोणत्या तोंडाने सांगणार? “हो,” तो म्हणाला, “जरासं.”

तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि घाबऱ्याघुबऱ्या पहिला फोन भावालाच केला.