चढाईपटूंचा तक्ता

व्यावसायिक कबड्डी संघासाठी तरुण चढाईपटू निवडायचे, म्हणून लातूरच्या एका सभागृहात दोन दिवसांची चाचणी होती. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतून एकच जण सराव शिबिराला जाणार होता. नांदेडला वर्तमानपत्राचं क्रीडा पान सांभाळून झाल्यावर मी या संघाकडे नोंदी ठेवायचं काम घेतलं होतं. चढाईला किती वेळ लागला, खेळाडू कुठल्या बाजूने शिरला, काय करून परतला, एवढं लिहायचं. गुण सर देत. सर म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक. पोटऱ्या पाहून पोरगा किती वर्षं टिकेल ते सांगतात, अशी त्यांची ख्याती होती.

पहिल्या दिवशी जळकोटचा एक चढाईपटू सगळ्यांच्या पुढे होता. वय एकोणीस. गावात काळ्या मातीवर सराव केलेला, मॅटवर उतरायची ही दुसरीच वेळ. सोबत मामा आले होते. शिबिराला विशीच्या आतलाच खेळाडू चालत होता, त्यामुळे त्याला ही शेवटची संधी होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पकडीत एका बचावपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आवाज आमच्या टेबलापर्यंत आला. तो लगेच उठला, हात झटकले. चाचणीत बाद खेळाडूला बाहेर बसवत नाहीत. पुढची चढाई त्यालाच मिळाली. त्याने एकाला टिपलं आणि मध्यरेषेकडे वळायचं सोडून सरळ समोरच्या शेवटच्या रेषेकडे धावला.

"ए जळकोट, घर इकडं हाय!" बाकावरून कोणीतरी ओरडलं.

"जाऊ दे रे, सासुरवाडीला निघाला आसंल."

हशा झाला. तोही हसला, जरा उशिरा.

सर माझ्याकडे झुकले. "मार खाऊन लगेच गेला बघा. भीतीच न्हाई. धाडसाचे नऊ लिहा."

मी नऊ लिहिले. शेऱ्यात लिहिलं, दिशाभान कमी.

जेवणाच्या सुट्टीत तक्ता स्वच्छ लिहून काढत होतो. अकरा वाजेपर्यंतच्या त्याच्या नोंदीत एकही दोष नव्हता. त्यानंतर पाच होते. दिशाभान कमी. शिट्टी ऐकली नाही. बोनस रेषेवर उगाच थांबला. दम मध्येच सुटला. आपल्याच गड्याचा हात धरला. बातमी म्हणून हा क्रम हातात आला असता तर मी वेगळा मथळा दिला असता. इथे ते मी खेळातले दोष म्हणून लिहिले होते.

तो सभागृहाच्या पायरीवर बसला होता, डबा न उघडता. मामांनी त्याच्या मानेवर ओला रुमाल ठेवला होता.

"उलटी झाली का?" मी विचारलं.

"एकदाच. उन्हानं हाय ते." मामांनी माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "हे बी लिहायलात का साहेब?"

मी सरांना म्हणालो, शेवटच्या सामन्यातून त्याला काढा, डॉक्टरला दाखवू. सर तक्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आम्ही कान फुटले तरी खेळायचो." मग त्यालाच हाक मारली. "काय रे, खेळतो का?"

"खेळतो सर."

"झालं. त्यानंच सांगितलं."

तो खेळला. आठ चढायांत सहा गुण घेतले. दोनदा पडला, दुसऱ्यांदा उठायला अकरा सेकंद लागले. निवड त्याचीच झाली. पाचही शेरे तक्त्यावर तसेच होते, उलटीची नोंद सहावी. संघाच्या कार्यालयात एकूण गुणांच्या खाली कोणी वाचलं नाही. मीही फोन करून वाचायला सांगितलं नाही.

निवडीनंतर चौथ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. "शिबिराला कधी निघायचं, तेवढं विचारायचं होतं."

"तो कसा आहे?"

"हाय की. परवापासून झोपूनच हाय. उजेड नको म्हणतंय. डावा हात जरा जड पडलाय."

"आत्ताच्या आत्ता लातूरला दवाखान्यात न्या."

"दवाखान्यात नेलं की कागद होतो, साहेब."

"होतो."

"कागद झाला की शिबिर जातं."

"कार्यालयाला मीच कळवतो. शिबिर गेलं असं समजा, पण त्याला न्या."

"तेवढं करू नका. पाया पडतो तुमच्या. दोन दिसांत बरं होतंय ते."

मी कार्यालयाला कळवलं. नाव काढायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या क्रमांकावरच्या नायगावच्या चढाईपटूला दुपारीच निरोप गेला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, हे सांगायला मी मामांना पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली. एकूण सात वेळा लावला. सातव्यांदा फोन बंद लागला. घरचा पत्ता तक्त्यावर होता. नांदेडहून जळकोटला निघालो तेव्हा चार वाजले होते.