गजकचा वास

गाडीत बसले की ते आधी चारी काचा वर करत, पंखा पूर्ण सोडत, डोळे मिटत आणि डॅशबोर्डच्या जाळीला नाक लावत. बाहेर गाडीचा मालक घड्याळ पाहत उभा असे. त्याने काही सांगायला तोंड उघडलं की आतून एक बोट वर होई. "आधी नाक, मग पाना," ते म्हणत आणि पुन्हा डोळे मिटत. देवासमोर त्यांना इतका वेळ उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

ग्वाल्हेरला किला गेटच्या रस्त्यावर एका कडुनिंबाखाली त्यांची गाडीदुरुस्तीची पत्र्याची शेड होती. सगळे त्यांना काका म्हणत, हिंदी बोलणारेही. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले होते, हे ते पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीतही. इंजिनाला मात्र हात लावत नसत. "इंजिनवाले तिकडे लष्कर भागात ढिगाने मिळतील, बेटा. मी हवेचा माणूस आहे." हीटर गरम का होत नाही, पंखा ओरडतो पण हवा का येत नाही, पायाशी यायची हवा तोंडावर का येते, एवढंच ते बघत, आणि तेही जुन्या गाड्यांचं. बटणांच्या जागी पडदा दिसला की दार लोटून देत. "हिला टीव्हीच्या दुकानात न्या."

एकदा एका निवृत्त प्राध्यापकांच्या गाडीत हवा येणं बंद झालं. दोन मेकॅनिकांनी मोटर बदला म्हणून सांगितलं होतं. काकांनी नाक लावलं आणि म्हणाले, "मूँगफली." प्राध्यापक रागावले, कारण त्यांच्या गाडीत पाणी प्यायचीसुद्धा परवानगी नव्हती. काकांनी ब्लोअर खोलला तर आत शेंगांच्या टरफलांचं गच्च घरटं, आणि त्याला आतून प्राध्यापकांच्याच हरवलेल्या मफलरचं अस्तर. उंदीर निघून गेला होता. "किरायेदार शौकीन होता," एवढंच काका बोलले. मफलरपायी घरात कुणावर आळ घेतला होता ते प्राध्यापकांनी सांगितलं नाही, पण जाताना त्यांचा चेहरा पडलेला होता.

आमची गाडी वडिलांची. वडील गेल्यावर ती विकायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आई उठून आत गेली. दर गुरुवारी सकाळी मी आईला लष्करहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला मावशीकडे नेते. मावशी अंथरुणावर आहे, आणि दोघी बहिणींना आठवड्याचं बोलणं एका दिवसात उरकायचं असतं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत सकाळी दहालाही धुकं हटलेलं नसतं. तेवढा रस्ता समोरची काच साफ राहावी, यापलीकडे गाडीकडून आमची अपेक्षा नव्हती.

त्या वर्षी नेमकी काचच आतून धुरकट होऊ लागली. हवाही जेमतेम येई. आम्ही शेडवर गेलो. काका आत बसले, काचा वर केल्या, पण नाक लावलं नाही. खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि एकेका जाळीसमोर धरून धूर कुठे वळतो ते पाहू लागले.

"आज नाक नाही?" मी विचारलं.

"आता शास्त्रीय पद्धत," ते म्हणाले.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने थांबून गाडीला हात जोडले. उदबत्तीने काम मात्र चोख केलं. काचेखालच्या जाळीतून ओंजळभर कडुनिंबाची पानं निघाली, आणि हवेची दिशा बदलणाऱ्या फ्लॅपची तार निसटली होती, ती त्यांनी बसवली. पंखा लावला तर आईचा पदर उडाला.

बॉनेट लावता लावता त्यांनी सहज विचारल्यासारखं आईला विचारलं, "बाई, आत वास कसला येऊन राहिला आहे?"

"गजकचा," आई म्हणाली. मागच्या सीटवर मावशीसाठी घेतलेला गजकचा, तीळ-गुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, डबा होता.

"तो तर येणारच," काका म्हणाले.

काच मात्र धुरकट होतच राहिली, उलट जास्तच. आम्ही आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा उदबत्ती, दोन्ही वेळा तोच प्रश्न, दोन्ही वेळा गजक. तुमच्या एव्हाना काही लक्षात आलं असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा हुशार आहात. पण आमच्या गावात थंडीत गाडीत तीळगुळासारखा वास आला तर माणूस डबा शोधतो, बिघाड शोधत नाही.

मग एका गुरुवारी मुरारच्या वाटेवर, ऐन पुलावर, काच दुधासारखी पांढरी झाली. मी फडक्याने पुसली तर तेलकट फराटे उमटले आणि दिसत होतं तेही दिसेनासं झालं. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. आईने बाजूची काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि शाळेत कवायत घ्यायची त्या आवाजात सांगू लागली, "डावीकडे घे. आणखी डावीकडे. आता हळू, म्हैस आहे." पूल उतरून मी गाडी कडेला घेतली.

आई नाक ओढत म्हणाली, "अगं, पण आज गजक कुठे आहे?"

डबा नव्हताच. मावशीचं गोड डॉक्टरांनी बंद केलं होतं. वास मात्र गाडीभर होता, आणि आईच्या पायाखालची मॅट ओली होती.

तशाच, काचा उघड्या ठेवून, कुडकुडत आम्ही शेडवर गेलो. काकांनी मॅटवर बोट फिरवलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं. हिरवट, चिकट पाणी होतं.

"कूलंट आहे," ते म्हणाले. "डॅशबोर्डच्या आत हीटरचा लहान रेडिएटर असतो, तो गळून राहिला आहे. त्याचा वास गोड असतो. पंखा तीच वाफ काचेवर फेकतो. मी हवा वाढवत गेलो, तुमची काच भरत गेली." मग त्यांनी ते बोट नाकाशी नेलं. "हा वास मला शेडच्या दारातून यायचा, बेटा."

आई म्हणाली, "आणि आता?"

"साथीत ताप आला होता. ताप गेला, वासही गेला, तो परत आलाच नाही. घरी बोललो नाही. उदबत्तीचा धूर निदान दिसतो." त्यांनी हात पुसले. हात पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "पुलावर तुम्हा दोघींना काही झालं असतं तर? ही एक गाडी दुरुस्त करतो आणि शेड बंद करतो. नाक नाही तर मी कशाचा हवेचा माणूस."

वाटेत मी त्यांना काय काय सुनवायचं ते जुळवत आले होते. त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. मला त्यांची फार दया आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी कडुनिंबाकडे बघत राहिले.

आईला दया वगैरे आली नाही. तिने चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. "भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही प्रश्न बरोबर विचारलात. उत्तर मी चुकवलं, तेही तीनदा. मग शाळा तुम्ही का बंद करताय? शेजारी लसणीची फोडणी आहे की हिंगाची, हे मी दार लावून सांगते. गुरुवारी परतताना तासभर येऊन बसेन. ज्यांच्या गाड्या वासाच्या आहेत त्यांना गुरुवार सांगा."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"मला ऐकू कमी येतं," आई म्हणाली. तिला उत्तम ऐकू येतं.

अशी माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई शाल गुंडाळून, डोळे मिटून, परक्या गाड्यांच्या जाळ्यांना नाक लावू लागली. अडचण एवढीच होती की तिला गाडी कळत नव्हती आणि काकांना स्वयंपाक.

"आंबलेलं पीठ," आई आतून सांगे.

"किती आंबलेलं, बाई? खायचं की फेकायचं?"

"ढोकळ्याचं."

काका एसी उघडत, तर आतल्या जाळीवर ओल साचून बुरशी धरलेली. आईने तळाला लागलेलं दूध सांगितलं तर कुठेतरी वायर तापत असे. हळूहळू त्यांनी पत्र्याच्या भिंतीवर खडूने यादी केली, डावीकडे आईचा वास आणि उजवीकडे बिघाड. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, गजक. मुरारच्या एका फौजी साहेबांना काकांनी गंभीरपणे सांगितलं, "सर, आपकी गाड़ी में ढोकला है." साहेब मागे जाऊन डिकी उघडून पाहू लागले.

पण काकांना सर्वांत आवडायचं ते उत्तर यादीत नव्हतं. काम झाल्यावर आई पुन्हा आत बसे, पंखा पूर्ण सोडे आणि म्हणे, "काहीच नाही."

"परत सांगा, बाई."

"काहीच नाही, भाऊ."

"नीट गाडीला वास नसतो," काका म्हणत आणि गाडीच्या टपावर थाप मारत. ती थाप ऐकून आईही खूश होई. दोन हिवाळे असे गेले. शेड बंद करायचं काकांनी पुन्हा काढलं नाही.

या दसऱ्याआधी ते गेले. दुपारचं जेवण करून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "जन्मभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. पण शेवटी स्वभाव किती बदलला होता. त्या दिवशी आमटी करपली होती, तर म्हणाले, छान झाली आहे." आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "हो, फार निवळले होते," आणि काकूंच्या पाठीवरून हात फिरवला.

शेडला कुलूप आहे. फटीतून यादी दिसते.

परवा थंडीचा पहिला गुरुवार होता. निघण्याआधी मी चारी काचा वर केल्या आणि हीटर लावून पंखा पूर्ण सोडला. मी काही सांगण्याआधीच आई पुढे वाकली आणि तिने डोळे मिटून जाळीला नाक लावलं.

"कसला वास येतो?" मी विचारलं.

"काहीच नाही."

मग आईने पदराने डोळे पुसले आणि कुणी न विचारताच, जरा मोठ्याने, परत सांगितलं, "काहीच नाही, भाऊ."

मी गाडी मुरारकडे काढली.