कोपऱ्यातलं पान

वडिलांना जाऊन त्या रविवारी वर्ष होणार होतं. पुण्यानुमोदनाला भन्तेजी येणार, नातेवाईक येणार. तोपर्यंत वडिलांचा फोटो त्यांच्याच नक्षीच्या फ्रेममध्ये बसवायचा, एवढं मी मनाशी धरलं होतं. वडील आयुष्यभर फ्रेमा कोरत आले. चारही बाजूंनी पिंपळपानांची वेल आणि प्रत्येक कोपऱ्यात एक मोठं पान. दोन पट्ट्या तिरक्या कापून जिथे जोडतात, ती रेघ त्या पानाच्या मधल्या शिरेत लपायची. शोधूनही सांधा सापडत नसे.

मला पटाशी धरता येत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. म्हणून नक्षी काढायचं सॉफ्टवेअर शिकले. हडपसरच्या एका वर्कशॉपमधलं मशीन त्यातलं चित्र सागवानावर कोरून, पट्ट्याही कापून देतं. ते चालवणारे काका पूर्वी वडिलांच्या हाताखाली होते.

विहारातल्या तसबिरीची फ्रेम वडिलांचीच. तिच्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून मी ठसा घेतला. त्यात कोपऱ्यातल्या पानाचं टोक किंचित डावीकडे वळलेलं. सॉफ्टवेअरमध्ये अर्धं पान काढून मिरर केलं की टोक नाकासमोर सरळ येई. मला ते बघवत नसे. पुसायची, उठायची, पाणी पिऊन परत बसायची. कामावर पुस्तकं लावतानाही बोट कपाटाच्या कोपऱ्यावर तेच पान गिरवत राही.

"झालं का गं?" आई विचारायची.

"नाही."

"काल झालं होतं ना?"

"काल चुकलं होतं."

"बापाच्या वरताण निघालीस."

बुधवारी आखूड पट्टी एकदाची मनासारखी जमली. लांब पट्टी वेगळी काढायचा धीर उरला नव्हता. तीच पट्टी माऊसने धरून लांबीला ओढली आणि फाइल पाठवून दिली.

शुक्रवारी वर्कशॉपच्या टेबलावर चार पट्ट्या मांडल्या, तर कोपरे मिटेनात. बाहेरची टोकं टेकत होती आणि आत करंगळी जाईल एवढी फट. लांब पट्टीवरचा पिंपळ तर आंब्याच्या पानांसारखा दिसत होता.

"ओढलीत ना पट्टी?" काकांनी विचारलं.

"हो."

"मग तिरका कापही ओढला गेला. पंचेचाळीस अंश राहिला कुठे? पुस्तकात नव्हतं वाटतं हे." मी पट्ट्या गोळा करायला लागले, तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला. "मीही बघायला हवं होतं, ताई. त्यांच्या घरून आलेलं काम, म्हणून तपासलं नाही."

पट्टीची टोकं होती तशी ठेवायची आणि मधल्या वेलीत पानं वाढवायची, हे त्यांनी दाखवलं. मी तिथेच बसून तसं काढलं. मग कोपऱ्यावर आले आणि माझा हात थांबला.

"सरळ टोकाचं पान चालणार असेल तर उद्या देतो," काका म्हणाले. "मशीनवर त्यांच्यासारखं नाही व्हायचं. ते कोपऱ्यातलं पान चौकट जोडल्यावरच कोरायचे. लाकूड जसं बसेल तसं टोक वळवायचे."

मला हे ठाऊकच नव्हतं. वडील कोरत असायचे त्याच खोलीत, त्यांच्याकडे पाठ करून मी बारावीपर्यंत अभ्यास केला होता.

"कोपरे कोरे ठेवले तर?"

"सवडीने मी हाताने कोरीन. पण रविवारपर्यंत नाही जमायचं."

"कोरेच ठेवा," मी म्हणाले, आणि बसस्टॉपपर्यंत तीनदा मागे फिरावंसं वाटलं.

रविवारी वंदना चालू असताना माझी नजर त्या चार गुळगुळीत कोपऱ्यांवरून हलत नव्हती. जेवणं सुरू झाल्यावर एक आत्या फ्रेमपाशी गेली. "कोपरे राहिले की गं करायचे."

माझ्या आधी आईच बोलली. पदराने काच पुसत म्हणाली, "राहू देत. त्यांचं तरी कधी वेळेवर झालं?"