चष्मा पुसणारा क्लार्क

दुबईतल्या ट्रॅव्हल एजन्सीतला तो क्लार्क मूळचा रत्नागिरीचा. मी भाव पाडायला लागलो की तो चष्मा पुसायला घेतो. "शेठ, इन्शाल्ला पुढच्या वेळी." सात वर्षांत ती वेळ आलेली नाही. मॉरिशसच्या सहलीसाठी तर मी टेबलावर हात आपटला; तो पुसतच राहिला.

मॉरिशसच्या जंगलात धबधब्याकडे ज्वालामुखीच्या काळ्या खडकांची निसरडी वाट होती. बायको गुडघा धरून थांबली, तशी गाइडने गाडीतून काठी आणली.

"दुबईहून फोन होता. मॅडमचा गुडघा दुखतो म्हणाले," गाइड म्हणाला.

मी क्लार्कला हे कधीच सांगितले नव्हते; बायको त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या गुडघा धरून चढायची, तेवढेच.

दुबईला परतल्यावर एजन्सीत गेलो. सवलत न दिल्याचा राग होताच.

"वहिनी पोचल्या का पाण्यापर्यंत?" त्याने विचारले.

"पोचली. चिंब भिजली."

"खलास, काम झालं! आता भांडा," म्हणत त्याने चष्मा पुसायला घेतला.