काचेच्या पेटीत जाणार नाही

पडदेवाल्या ताईंच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की आधी हसतं. कापडाच्या ठाणांमध्ये, शिलाई मशीनच्या शेजारी, ठोकळ्यासारख्या टीव्हीला जोडलेला जुनापुराणा घरगुती कॉम्प्युटर आणि बाजूला कॅसेट प्लेअर. ताई आपल्या प्रोग्रॅमची कॅसेट लावतात, थोडा वेळ किर्रर्र होतं, मग टीव्हीवर प्रश्न येतात: खिडकी किती रुंद, चुण्या किती दाट? उत्तर भरलं की कापड किती लागणार ते हजर. हसा खुशाल! ताईंचं कापड कधी कमी पडलेलं नाही.

हा डबा घरात आला तो मात्र दादासाठी. पोरगा इंजिनिअर होणार म्हणून बाबांनी हौसेने आणला. ताईंना तेव्हा सगळे चिमी म्हणत. चिमीला हुकूम एवढाच की धूळ पुसायची, कळ दाबायची नाही. वा रे वा! धूळ पुसताना कळ दाबली जाणारच की.

दादाने पुस्तकात बघून बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत पहिला प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यात प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे. याने दिले एक, दोन, तीन. मधली एक ओळ राहून गेली आणि घुसवायला जागाच नाही! वैतागून जो खेळायला पळाला तो पुन्हा फिरकला नाही. चिमीने नंबर दिले दहा, वीस, तीस, म्हणजे विसरलेलं नंतर मधे घालता येतं. दुपारी सगळं घर घोरत असताना ती टीव्हीचा आवाज बंद करून शिकली. चुकलं की मशीन तोंडावर सांगे, चूक. पण 'पोरीच्या जातीला हे कशाला हवंय' असं त्याने कधी विचारलं नाही. घरातले बाकी सगळे विचारायचे. म्हणून जीव जडला तिचा त्याच्यावर.

आज भरदुपारी दादा दुकानात आला. आता तो सॉफ्टवेअर कंपनीचा मालक. सोबत ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात रिकामं खोकं. ताई एका बाईंच्या पडद्याचं माप भरत होत्या.

"चिमे, आवर. हा डबा न्यायला आलोय. ऑफिसात काचेची पेटी केलीय त्याच्यासाठी. वर पाटी, 'संस्थापकांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला तो संगणक.' उद्या पाहुणे येतायत."

"कोणी लिहिला?"

"अगं, असं लिहायची पद्धत असते. तुला नवा लॅपटॉप देतो ना!"

ताईंनी हातातली मापाची टेप टेबलावर आपटली.

"बाबांच्या आवडत्या गाण्यांच्या कॅसेटवर चुकून माझा प्रोग्रॅम भरला गेला, आठवतंय? पाहुण्यांसमोर बाबांनी ती लावली आणि गाण्याऐवजी किंचाळी! बाबांनी विचारलं, कोणाचं हे काम? तू काय म्हणालास?"

दादाने ड्रायव्हरला डबा उचलायची खूण केली.

"'चिमीचं,' म्हणालास. चारचौघांत थोबाडीत खाल्ली मी. थोबाडीत खाताना माझं, आणि पाटी लावताना तुझं होय रे?"

"लहान होतो गं आपण. बरं, खाली तुझंही नाव टाकतो."

"खाली?" ताई हसल्या. "दादा, चालतं यंत्र आहे हे. माझं पोट आहे त्याच्यावर. काचेत ठेवायला ते मेलेलं नाही, आणि मीही नाही. खोकं घेऊन जा."

ड्रायव्हरने पुढे केलेला हात मागे घेतला. दादाचा चेहरा एवढासा झाला.

"चिमे, पाटी तयार आहे गं. उद्या लोकांना काय सांगू मी?"

"खरं सांग. कॉम्प्युटर बहिणीचा आहे म्हणावं, आणि तिला वेळ नाही, गिऱ्हाईक खोळंबलंय." मग त्या बाईंकडे वळून ताई म्हणाल्या, "हं, खिडकी किती रुंद म्हणालात?"