मिशनच्या शाळेत नाव टाकायचं म्हणजे

मास्तरकीत माणसाजवळ दोन गोष्टी साठतात. एक खडूची धूळ आणि दुसरे किस्से! धूळ संध्याकाळी हातपाय धुतले की जाते. किस्से मात्र तसेच चिकटून राहतात. परवा जुन्या मित्रांत बसलो होतो. कोणीतरी नातवाच्या शाळा-प्रवेशाचं रडगाणं सुरू केलं आणि मला एकदम आमची मिशनची शाळा आठवली.

गाव पोंभुर्ण्याकडचं, चहूबाजूंनी जंगल. तेव्हा जिल्ह्याला चांदा म्हणत आणि आम्ही होतो मध्यप्रदेशात. चर्चला लागून एक लांबट खोली, पुढे पडवी, तीत पहिली ते चौथी. शिकवणारे आम्ही दोघं. हेडमास्तरीण मार्थाबाई, आणि मी. बाई ठेंगण्या, पांढरं लुगडं, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. आवाज असा की पडवीत बोलल्या तर बाजारात ऐकू यावं. पहिलीत चाळीस पोरं, त्याच्यावर एक नाही. कारण बसायला टाटपट्ट्या चारच! जूनमधला आठवडाभर नावं टाकायचं काम चाले. बाई विचारायच्या, मी रजिस्टरात लिहायचो.

* * *

सगळ्यात मोठी भानगड म्हणजे जन्मतारीख. ती कोणालाच ठाऊक नसे. पोर जन्मलं तेव्हा गावात काय झालं होतं, तेवढं मात्र पक्कं ठाऊक. पूर कधी आला, देवळाचा कळस कधी पडला, पाटलाची घोडी कधी मेली. बाईंनी त्यासाठी एक वहीच केली होती. डावीकडे घटना, उजवीकडे साल. चांद्याच्या कचेरीतसुद्धा असं रेकॉर्ड नसेल!

एकदा लक्ष्मण नावाचा शेतकरी पोराला घेऊन आला.

"कधी झाला पोरगा?" बाईंनी विचारलं.

"वाघानं सोनबाची म्हैस नेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

बाईंनी वही उघडली, बोट फिरवलं, चष्मा वर केला.

"सोनबाच्या दोन म्हशी नेल्या वाघानं. कोनती? काळी का भुरी?"

लक्ष्मण गडबडला. "भुरी असन, बाई."

"भुरी नेली त्याले पाचच वर्सं झाली. पोरगा पाचचा हाय. सहा पाह्यजे."

लक्ष्मणनं एक क्षणही घालवला नाही.

"तर मंग काळी!"

* * *

मिशनची शाळा म्हटलं की एक शंका सगळ्यांच्या पोटात असायची. विचारायची हिंमत मात्र कोणाची होत नसे. ती केली करीमभाईंनी. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान. मुलगी जैबुन्निसा, डोळ्यांत काजळ, हातात कोपरापर्यंत बांगड्या. जणू दुकानाची जाहिरातच!

सगळं लिहून झालं, तरी करीमभाई उठेनात.

"बाई, एक बात पूछनी थी. गुस्सा मत करना."

"पुसा ना."

"बच्ची को... मतलब... ख्रिस्ती तो नहीं बनाओगे?"

सगळी रांग पुढे सरकली. मागच्या झाडाखाली बसलेले लोकही उठून जवळ आले. सगळ्यांना तेच विचारायचं होतं! माझा तर लिहिता लिहिता टाक हातातच थांबला. बाई चिडल्या तर आज कोणाचंच नाव पडायचं नाही.

बाईंनी शांतपणे शाईची दौत बंद केली.

"करीमभाई, माझा नवरा पाह्यला ना तुम्ही? दानिएलभाऊ?"

"हां, देखा है."

"जन्माचा ख्रिस्ती हाय. वीस वर्सं झाली लग्नाले. घर चर्चच्या भिंतीले लागून. अजून एका रविवारी त्याले मी वेळेवर प्रार्थनेले आणू शकली नाई! तुमच्या पोरीले काय करतो मी?"

आधी करीमभाई हसले, मग सगळी रांग हसली. त्या दिवशी दुपारपर्यंत पंधरा नावं पडली. आणि करीमभाईंची पोर पाढ्यांत पहिली यायला लागली. बांगड्या मोजायची सवय होती ना!

* * *

बाई प्रवेश-परीक्षा वगैरे मानत नसत. पण मी होतो नवीन, नागपूरहून ट्रेनिंग करून आलेला. मला वाटे, थोडी तरी बुद्धी तपासली पाहिजे. ट्रेनिंगमधून मी चित्रांचे तक्ते आणले होते. एकावर वाघ होता. पिवळाधमक, छाती काढून सरळ समोर बघणारा.

एक चिमुरडी समोर आली. बाप मोहफुलं, डिंक, मध गोळा करणारा. मी तक्ता धरला.

"हे काय आहे?"

ती बघत राहिली.

"सांग, घाबरू नकोस. कोणता प्राणी?"

"ठाऊक नाई."

"अगं, हा वाघ!"

पोरीनं मान जोरात हलवली. "हा नाई वाघ."

"वाघच आहे."

"वाघ असा उभा राहत नाई. त्याले आपन दिसलो का तो आधी खाली बसते. मंग कान मागे घेते. मंग बाजूनं निघून जाते." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "मास्तर, तुमी वाघ पाह्यला काय?"

खोटं बोलवेना. "नाही."

"मंग?"

शेजारी मार्थाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"मास्तर, तिचं नाव लिहा. तुमचं पुढच्या वर्सी पाहू!"

तक्ता मी त्याच संध्याकाळी गुंडाळून ठेवला.

* * *

एका वर्षी आलापल्लीहून बदली होऊन एक रेंजरसाहेब आले. जीपमधून उतरले आणि थेट टेबलापाशी. चाळीस नावं कधीच भरलेली, वर नऊ जण थांबलेले, त्यांची नावं मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवली होती.

"माझ्या मुलाचं नाव टाकायचं आहे."

"बसायले जागा नाई, साहेब," बाई म्हणाल्या. "टाटपट्ट्या भरल्या. भिंतीकडं जागा हाय, पन गारठ्यात उघड्या जमिनीवर मी पोरं बसवत नाई."

"एवढंच ना?" साहेब म्हणाले आणि जीप गेली.

चौथ्या दिवशी बैलगाडीतून तीन बाक आले. अस्सल सागवान! साहेबांनी स्वतःच्या घरचं फर्निचर करणाऱ्या सुताराकडून करवून घेतले होते. एकेका बाकावर तीन पोरं ऐसपैस बसतील असे. बाईंनी ते भिंतीशी लावून घेतले, फडक्यानं पुसले आणि मला म्हणाल्या, "मास्तर, तो कागद काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मुलाला घेऊन आले. मुलाच्या अंगात नवा सदरा. साहेबांनी आत डोकावून पाहिलं. तिन्ही बाक भरलेले. गुराख्याचा पोरगा, कुंभाराची पोर, न्हाव्याचे जुळे...

"बाई, हे काय? माझा मुलगा कुठं बसणार?"

बाईंनी कागद दाखवला. "नऊ जण आधीचे होते, साहेब. तुमचा दहावा."

"पण बाक तर मी पाठवले!"

"लई चांगले हायेत," बाई मनापासून म्हणाल्या. "अजून एक पाठवा."

 साहेबांनी बोटानं एकेक पोर मोजलं. मग मोठ्यानं हसले. चौथा बाक दोन दिवसांत आला!

* * *

आता माझ्या फजितीची गोष्ट. हिची मला अजूनही थोडी लाज वाटते.

आत जंगलातल्या एका गोंड पाड्यावरून एक माणूस पुतण्याला घेऊन आला होता. आडनाव मडावी एवढं सांगून तो बैलांना पाणी पाजायला गेला. पोरगा एकटाच माझ्यासमोर उभा, अंग चोरून. रांग मोठी होती, बाई पलीकडे दुसऱ्यांशी बोलत होत्या. मी विचारलं, "नाव काय रे तुझं?"

तो पुटपुटला, "हिल्ले."

मी लिहिलं, हिल्ले मडावी. वाटलं, असेल यांच्यात असं नाव. काका परत आला तोवर मी पुढच्या तिघांची नावं लिहिली होती. अंगठा घेतला आणि पाठवून दिलं. पोरगा चर्चच्या आवारातल्या वसतिगृहात राहिला.

रोज सकाळी मी हजेरी घ्यायचो. "हिल्ले मडावी!" तो उभा राहून ओरडायचा, "हजर!" वर्गातली दोन-तीन पोरं खुसखुसायची. मी त्यांना दटावायचो.

दिवाळीच्या सुटीत त्याचा बाप गाडी घेऊन आला. म्हणाला, "सोमाले न्यायले आलो."

"सोमा कोणी नाही इथे."

तेवढ्यात हिल्ले धावत आला आणि बापाच्या कमरेला चिकटला. मी रजिस्टर काढून नाव वाचून दाखवलं. बाप आधी गोंधळला, मग हसत हसत पायरीवरच बसला.

"मास्तर, आमच्या बोलीत हिल्ले म्हंजे 'नाई'!"

म्हणजे मराठी न कळणाऱ्या, भेदरलेल्या पोराला मी काही विचारलं, तो म्हणाला 'नाही', आणि मी ते शाईनं लिहून टाकलं! पाच महिने मी रोज सकाळी "नाही!" म्हणून पुकारत होतो आणि तो बिचारा "हजर!" म्हणून सांगत होता. एकदाही मी नीट विचारलं नव्हतं. मला त्या बापाकडे बघवेना.

मार्थाबाईंनी सोमाला जवळ घेतलं. एव्हाना त्याला मराठी छान यायला लागली होती.

"काऊन रे, तू सांगतलं काऊन नाई?"

सोमा म्हणाला, "मले वाटलं, शाळेत नवं नाव देतेत."

सुटीनंतर बाईंनी मला त्याच्याकडून गोंडी शिकायला बसवलं. रोज पाच शब्द. चुकलं की सोमा म्हणायचा, "हिल्ले, मास्तर, हिल्ले!"

* * *

आणि एक रुखमाचं.

रुखमा मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातली. नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेला. बोडीतले, म्हणजे गावच्या तळ्यातले मासे टोपलीत घेऊन बाजारात बसायची. तिचा एकुलता एक पोरगा बिसन, सात वर्षांचा. नाव टाकलं त्या दिवसापासून त्यानं जे भोकाड पसरलं ते थांबेचना. आई दिसेनाशी झाली की पळून जायचा. शेवटी बाई म्हणाल्या, "रुखमा, आठ दिवस तूच बस त्याच्याजवळ. मंग राहील तो."

रुखमा टोपली पडवीत ठेवून शेवटच्या टाटपट्टीवर बसू लागली. बिसन तिच्या मांडीला टेकून पेंगायचा आणि ती फळ्याकडे बघत बसायची. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचा महिना.

एक दिवस हजेरी घेतली तर बिसन नाही. रुखमा मात्र जागेवर.

बाईंनी विचारलं, "बिसन कुठी हाय?"

"बोडीवर गेला, बाई. मोहल्ल्यातल्या लोकाइसोबत, डोंग्यात बसून. आयकतच नाई."

"मंग तू काऊन आली?"

रुखमा लाजली. पाटीवरून हात फिरवत म्हणाली, "आजचा 'भ' राह्यला असता ना!"

 बाई टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. मी हळूच म्हणालो, "बाई, हे नियमात बसत नाही."

"सहाच्या खालचं घेऊ नये असं लिवलं हाय, मास्तर. ती सहाच्या वर हाय."

रुखमा उभी राहिली. बाई विचारत गेल्या, मी लिहीत गेलो. नाव झालं, गाव झालं.

"पालकाचं नाव?"

"पालक म्हंजे?"

"घरी तुह्याकडं पाह्यनारा. सासरा, भाऊ, कोनी?"

"कोनीच नाई, बाई." ती थांबली. "बिसनच हाय."

"लिहा मास्तर, बिसन. पालकाचा धंदा?"

"मासे पकडते तो," रुखमा म्हणाली.

मी लिहिलं.  बाईंनी टीपकागद दाबला. "उद्या पालकाले घेऊन ये. त्याच्याशी बोलल्याबिगर नाव पक्कं होत नाई."

दुसऱ्या दिवशी पालक आले. डोक्याला तेल चोपडलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. बाईंनी त्याला पालकांच्या खुर्चीवर बसवलं. पाय जमिनीला पोचत नव्हते. वर्गात कोणी हसलं नाही. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून हसायची कोणाची छातीच नव्हती.

"हे पाहा बिसनभाऊ," बाई म्हणाल्या, "ही रोज शाळेत येनार. घरी तिचा अभ्यास तुमाले घ्या लागन. जमन ना?"

"जमन."

"तुमाले काई सांगायचं हाय?"

बिसननं दाराकडे पाहिलं. तिथे रुखमा पाटी छातीशी धरून उभी होती. मग त्यानं टेबलावरच्या छडीकडे पाहिलं. 

"बाई, मायले मारू नका," तो म्हणाला. "तिले नाई आलं त मले सांगा. मी शिकून घेतो न तिले सांगतो."