बडतर्फीचं कारण विचारायचं नाही

आणीबाणीतल्या एका सकाळी ऑफिसच्या शिपायाने माझ्या नवऱ्याच्या हातात एक कागद ठेवला. बडतर्फ! राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी करणे इष्ट नाही, अशी राज्यपालांची खात्री झाली आहे म्हणे. ज्या माणसाने जन्मात पोस्टमनशीसुद्धा वाद घातला नाही, त्याच्यापासून राज्याला धोका! अहो, जमीन मोजणीच्या ऑफिसातला साधा कारकून. धायरीच्या एका जमिनीच्या नोंदीत साहेबांच्या मनासारखी खाडाखोड करायला नाही म्हणाला, एवढाच काय तो गुन्हा.

मी म्हटलं, "अहो, आजच्या आज वकील गाठा." तर हे म्हणाले, "आधी सरकारकडे अर्ज. आणि तो साहेबांमार्फतच जायला हवा, तसा नियम आहे."

कपाळ माझं! हाकलून दिल्यावरही नियम पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्याने काटा काढला त्याच्याच हातात अर्ज दिला, वर पोच मागायचाही यांना संकोच. साहेबांनी तो खणात टाकला आणि आम्ही पाच महिने उत्तराची वाट बघत बसलो.

शेवटी मीच यांना ओढत शिवाजीनगरच्या कोर्टात नेलं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला कारण विचारलं. तो म्हणाला, "कारण सांगणं जनहिताचं नाही." बरं, मग न्यायाधीशांनी तरी खडसवावं की नाही! ते चष्मा पुसत म्हणाले, राज्यपालांची खात्री कशावरून झाली हे तपासायचा अधिकार या कोर्टाला नाही. दावा फेटाळला.

मी बाकावरून उठून म्हणाले, "मग रोज कोर्ट उघडता कशाला?" पट्टेवाल्याने मला बाहेर काढलं, आणि हे त्याची माफी मागत राहिले! त्या क्षणी मला साहेबांपेक्षा यांचाच जास्त राग आला. आजही येतो.

आणीबाणी उठली, सरकार बदललं, आणि यांना परत घेतल्याचा हुकूम आला. बडतर्फी का केली होती, ते त्यातही नव्हतंच. मधला काळ मात्र बिनपगारी रजा धरायचा, आणि त्या रजेचा अर्ज यांनीच करायचा!

"सही करू नका," मी ओरडले. "तुम्ही मागितली होती का रजा?"

"अगं, नोकरीत खंड पडला तर पेन्शन जाईल," हे म्हणाले आणि टेबलाशी जाऊन बसले.

अर्जात 'रजेचे कारण' असा रकाना होता. यांनी तो हुकूम पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'घरगुती अडचण'.

सरकारने यांना हाकललं होतं, असं आता दप्तरात कुठेही सापडणार नाही. अडचण आमच्या घरात होती, आणि त्याखाली यांची सही आहे.